आत घेताना येणारा आवाज

भिवंडीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यांत ज्याचे आयुष्य जाते त्याचा कान दोन तऱ्हांनी बदलतो. माणसांचे हळू बोलणे त्याला ऐकू येईनासे होते आणि यंत्राची बारीकशी कुरकुर मात्र तो पन्नास पावलांवरून ओळखतो. माझ्या कानाचे हे दोन्ही झाले. पहिल्या गोष्टीची मी कधी खंत केली नाही. दुसरीचा मला अभिमान होता आणि तो मी लपवतही नसे. आज पन्नाशी ओलांडल्यावर त्या कानाबद्दलच मला काही कबूल करायचे आहे. कबुली माझ्या चुकीची असली तरी शेवट आनंदाचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको.

मी जॉबर होतो. लूम बंद पडला तर तो दुरुस्त करायचा, आणि शक्यतो बंद पडण्याआधीच त्याचे दुखणे ओळखायचे, हे जॉबरचे काम. निजामपुऱ्यातल्या ज्या कारखान्यात मी ते शिकलो तिथले उस्ताद तरुणपणी उत्तरेकडून आलेले, पांढऱ्या दाढीचे, फार थोडे बोलणारे गृहस्थ होते. लूमवर फणी एकसारखी पुढे येते, सुताला ठोकते आणि मागे जाते. कुठून तरी चिरका आवाज येऊ लागला की आम्ही शिकाऊ लोक पाना घेऊन धावत असू. उस्ताद हात धरत आणि कानाशी तोंड आणून ओरडत, "पहले ये बता, आवाज आते में है या जाते में?" फणी येताना आवाज असेल तर दोष एका जागी, जाताना असेल तर दुसऱ्याच जागी. ज्याला हे सांगता येत नसे त्याच्या हातातला पाना ते काढून घेत. कान थोडा तयार झाला की ते पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, देत. त्याचे टोक यंत्राला टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. चाळीस लूमच्या गदारोळातही मग एकाच लूमच्या पोटातले ऐकू येते.

पुढे मी भिवंडीतच कामतघरला आलो. दोन हजार सालानंतरची ती वर्षे. चाळीत पहिल्या मजल्यावर आमची खोली होती. मी, पत्नी आणि शाळेत जाणारी मुलगी. खाली बारा लूमचा कारखाना. पहाटेपासून फरशी थरथरत असे आणि हंड्यातल्या पाण्यावर वर्तुळे उमटत. घरात आम्ही तिघे ओरडूनच बोलत असू. नवा पाहुणा आला की त्याला वाटे, ह्यांचे काहीतरी बिनसले आहे.

शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी असते. त्या दिवशी भिवंडी अशी शांत होते की बाहेरगावचा माणूस बावरतो. पण जॉबरला शुक्रवारी सुट्टी नसते. लूम बंद असतात म्हणूनच ते खोलून दुरुस्त करण्याचा तोच दिवस. म्हणजे आठवड्यातून ज्या एका दिवशी माझ्या घरात शांतता असे, नेमका त्या दिवशी मी घरी नसे. ह्यात माझा दोष नाही, असे मी बराच काळ स्वतःला सांगत आलो.

पत्नीच्या श्वासाला आवाज येऊ लागला तो केव्हापासून, हे मला नक्की सांगता येत नाही. जिना चढून आली की तिच्या गळ्यातून एक बारीक, चढा, कर्कश सूर निघे. कोरड्या रहाटावरून दोर ओढावा तसा. खाली लूम चालू असताना तो अर्धामुर्धाच कानावर पडे.

"काय गं, दम लागतो का?" मी विचारी.

"न्हाय वो. जरा बसली का जातंय," ती म्हणे. ती वडप्याची. हायवेलगतच्या शेतकरी घरातली. आजारपण सांगणे म्हणजे तक्रार करणे असे मानणाऱ्या बायकांत ती वाढली होती.

भिवंडीत श्वासाच्या कोणत्याही त्रासाला एकच नाव आहे: रुई. कारखान्यातून उडणारे कापसाचे तंतू खिडकीच्या जाळीवर, दिव्यांवर, माणसांच्या भुवयांवर बसतात. कुणी खोकला, कुणाला धाप लागली, कुणाची छाती घरघरली, तर 'रुई लागली' म्हणतात, आणि त्या दोन शब्दांपाशी सगळ्यांचे विचार करणे थांबते. माझेही थांबले.

मी तिला जवळच्या दवाखान्यात नेले. दवाखान्याच्या भिंतीला लागूनच एक कारखाना होता. डॉक्टर मोठ्याने बोलत आणि पेशंट त्याहून मोठ्याने. त्यांनी पत्नीला विचारले, "आवाज कसा येतो, सांगा बरं मला." ती सांगायला तोंड उघडणार तोच मी म्हणालो, "रुईचा दमा आहे, डॉक्टर. आमच्या चाळीत घरोघर आहे." डॉक्टरांनी तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला, भिंतीपलीकडच्या खडखडाटाकडे एकदा त्रासून पाहिले, आणि दम्याचा पंप लिहून दिला. प्रश्न तिला विचारला होता. उत्तर मी दिले. पुढची दीड-दोन वर्षे त्या एका उत्तरावर गेली.

पंपाचा गुण येईना. "नुसती हवा तोंडात जातेय," ती म्हणे, "गल्याखाली काय फरक न्हाय." मी तिला पंप कसा ओढायचा ते शिकवू लागलो. तिला ते आधीच उत्तम येत होते.

आडवे झाले की आवाज वाढतो, म्हणून ती भिंतीला टेकून बसूनच झोपू लागली. तेलकट केसांचा एक गोल डाग भिंतीवर उमटला. आम्ही नुकताच फिकट हिरवा रंग दिला होता. तो डाग पाहून मी चिडलो. "नवा रंग आहे, जरा उशी लावत जा मागे," असे म्हणालो. तिने दुसऱ्या दिवसापासून उशी लावली. माणूस बसून का झोपतो, हा प्रश्न मला पडला नाही. रंगाचा पडला.

आणि एक प्रसंग लिहायचा राहिला आहे. वडप्याला मेव्हण्याकडे जेवण होते. पंगतीत कुणीतरी माझ्या कानाचे कौतुक केले. "भाऊजी आवाजावरून लूमचा नंबर सांगतात," असे काहीसे. मी रंगात आलो. बिघडलेल्या लूमच्या तीन-चार नकला करून दाखवल्या, आणि लोक हसताहेत हे पाहून शेवटी पत्नीच्या श्वासाची नक्कल केली. "आणि हा आमच्या घरचा भोंगा!" सगळे हसले. तीही हसली. मग वरणाचे भांडे घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नक्कल हुबेहूब होती. म्हणजे आवाज मी नीट ऐकला होता. एवढी हुबेहूब नक्कल करणाऱ्याला 'मला ऐकूच आले नाही' असे म्हणण्याचा हक्क राहत नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी कारखान्याच्या पायरीवरून माझा पाय मुरगळला. घोट्याला पट्टी बांधून मला घरी बसवले, आणि कितीतरी वर्षांनी एक शुक्रवार मी माझ्या खोलीत काढला.

मुलगी मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली होती. सकाळी दहा-अकराची वेळ. खाली बारा लूम गप्प. हंड्यातले पाणी काचेसारखे स्थिर. मी पाय उशीवर ठेवून, डोळे मिटून पडलो होतो. आणि मला आवाज आला. लांब, चिरका, वर चढत जाणारा. थांबला. पुन्हा आला. माझ्या मनाने सवयीने, माझी परवानगी न घेता, काम सुरू केले. येताना की जाताना? येताना. फक्त येताना. परतीच्या फेरीत काही नाही. म्हणजे घासणारी जागा वरच्या अंगाला, तोंडाशी आहे. आतले यंत्र ठीक आहे. मी इतका निश्चिंतपणे हे ठरवले की ओठांवर शब्दही आले, "आते में है." मग मी डोळे उघडले. समोर कोणतेही यंत्र नव्हते. गॅलरीत पत्नी दोन्ही हात वर करून दोरीवर चादर वाळत घालत होती.

तिचा चेहरा लाल-जांभळा झाला होता. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. प्रत्येक श्वास आत घेताना गळ्याच्या खळगीत खड्डा पडत होता आणि तो सूर निघत होता; सोडताना मात्र श्वास निमूट बाहेर पडत होता. तिने हात खाली घेतले, कठड्याला धरून उभी राहिली, आणि आवाज हळूहळू उतरला.

"इकडे ये," मी म्हणालो. "पुन्हा हात वर कर."

"कशाला? कवायत हाय का?"

"कर ना."

तिने केले. आवाज चढला, चेहरा पुन्हा तांबडा झाला. मी लंगडत उठलो आणि तिच्या गळ्याच्या खालच्या बाजूला, हाडापाशी, कान टेकवला. लग्नाला बारा-तेरा वर्षे झाली होती. त्या जागी मी कान ठेवण्याची ती पहिलीच वेळ होती.

"अवो, शेजारीण बगतेय," ती पुटपुटली.

"बघू दे. हा दमा नाही."

"तुमाला काय ठावं? तुमी डाक्टर का?"

"नाही. पण आवाज आत घेताना येतोय."

तिने दोरीवरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "म्हंजे मी बिगाडलेला लूम. बरा सांगितलात."

संध्याकाळी दवाखाना उघडताच आम्ही गेलो. वाटेत मी वाक्ये जुळवत होतो. शिकलेल्या माणसाला आपण काय सांगणार, ह्या भीतीने ती पुन्हा पुन्हा मोडत होती. शेवटी डॉक्टरांसमोर मी एवढेच म्हणालो, "मागे तुम्ही विचारलं होतं आवाज कसा येतो. तेव्हा मीच बोललो आणि चुकीचं बोललो. आवाज फक्त श्वास आत घेताना येतो. आडवं झालं की वाढतो. हात वर केले की चेहरा लाल होतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. त्या दिवशी शुक्रवार असल्याने भिंतीपलीकडेही शांतता होती. त्यांनी ह्या वेळी स्टेथोस्कोप पाठीला लावलाच नाही. थेट गळ्यावर ठेवला आणि डोळे मिटले. मला पेचकस कानाला लावून उभे असलेले माझे उस्ताद दिसले. मग डॉक्टरांनी तिला दोन्ही हात डोक्यावर धरून उभे राहायला सांगितले. मिनिटभरही झाले नसेल, त्यांनी घाईने तिचे हात खाली घेतले आणि पाणी दिले.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं? आत घेताना, बाहेर सोडताना?" त्यांनी मला विचारले.

"मी जॉबर आहे," मी म्हणालो.

"हा प्रश्न मी त्याच दिवशी, दार लावून, ह्यांनाच विचारायला हवा होता," ते म्हणाले. चूक वाटून घेणारा माणूस तसा दुर्मीळच. पण माझा वाटा त्यामुळे कमी झाला नाही.

दुसऱ्या दिवशी गळ्याचा आणि छातीचा एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरून दाखवला. श्वासनलिका सरळ काळ्या पट्ट्यासारखी दिसायला हवी. ती एका बाजूला वाकली होती आणि मधे सुतळीएवढी बारीक झाली होती. गळ्यातली थायरॉईडची गाठ वाढून बाहेर दिसण्याऐवजी छातीच्या हाडामागे खाली उतरली होती आणि तिथून नळी दाबत होती. ऑपरेशन लागणार होते, आणि तेही लवकर. त्यांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी दिली. मुलीला आम्ही मामाकडे वडप्याला ठेवले आणि गेलो.

तिथल्या सर्जन माझ्याहून लहान वयाच्या बाई होत्या. ठेंगण्या, चष्मा लावणाऱ्या, चालता-चालता बोलणाऱ्या. त्यांनी पत्नीचा श्वास नुसता दारातून ऐकला आणि सोबतच्या शिकाऊ डॉक्टरांना थांबवून म्हणाल्या, "ऐका. काय ऐकू येतंय?" एकजण चाचरत म्हणाला, "दमा?" बाईंनी माझ्याकडे बोट केले. "ह्यांना विचारा. चिठ्ठीत लिहिलंय, निदान ह्यांनी केलंय." माझे कान तापले. स्तुतीने तापले असते तर बरे. मला ती पंगत आठवत होती.

नंतर मी त्यांना व्हरांड्यात गाठले आणि त्या आवाजाचा नेमका अर्थ विचारला. त्यांनी घाई असूनही नीट सांगितले. दम्याची शीळ फुप्फुसातल्या बारीक नळ्यांची असते आणि बहुतेक वेळा श्वास सोडताना ऐकू येते. आत घेताना असा चढा, कर्कश आवाज आला तर वरची मोठी वाट कुठेतरी अरुंद झाली आहे असे समजायचे. कारण गाठ असेल, सूज असेल, लहान मुलांत अडकलेला शेंगदाणा असेल. कारण काहीही असो, तो आवाज अंगावर काढायचा नाही.

"म्हणजे आवाज जितका मोठा तितका धोका मोठा?"

"असं गणित नाही. आवाज येतोय म्हणजे हवा अजून जातेय. माणूस श्वासासाठी धडपडतोय आणि आवाज मात्र बारीक होत चाललाय, तेव्हा आम्ही धावत सुटतो."

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. हा आवाज बंद व्हावा, असे मी दीड-दोन वर्षे मनात म्हणत आलो होतो.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी तिच्याशेजारी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो. बाईंनी आम्हाला सगळे धोके समजावले होते. आडवे झोपवणे अवघड म्हणून बसवून, जागेपणीच गळ्यात नळी घालावी लागणार होती. गाठीला लागूनच आवाजाची नस जाते, तिला धक्का लागला तर आवाज कायमचा बसू शकत होता. आणि सगळ्यांत वाईट काय होऊ शकते, ते त्यांनी शब्दांत सांगितले नाही, सही घेताना कागदावर बोट ठेवून सांगितले.

"मला तुला काही सांगायचं आहे," मी म्हणालो.

"सांगा की. आज मना कुटं जायचा हाय?"

मी वडप्याची पंगत काढली. नक्कल, भोंगा, सगळे. मान खाली घालून बोललो.

"ती नक्कल व्हय?" ती म्हणाली. "तुमच्यापरीस पोरगी बरी करते." ती हसू लागली आणि हसता-हसता गळा वाजू लागला. थोडे थांबून, श्वास सावरून ती हळू बोलली. ते हळू बोलणे ऐकण्यासाठी मला तिच्या ओठांकडे पाहावे लागले. "तवा मी हसली. पन आत जाऊन रडली. मना वाटला, ह्यांना ऐकू येतंय. इतके दिस मी म्हनायची, कानाने कमी हायेत, जाऊ दे. आन् त्या दिवशी कलला, ऐकू येतंय. येतंय आन् तरी गप हायेत."

मी माफी मागितली. शब्द अगदी साधे होते, आणि ते शोधायला मला फार वेळ लागला.

"आता ऐकलात ना?" ती म्हणाली. "मग झाला तर. आता रडू नका, लोकांना वाटंल मी गेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत नेले. दुपार टळून गेल्यावर बाई बाहेर आल्या. टोपी काढून त्यांनी घाम पुसला आणि एका भांड्यात ठेवलेली गाठ मला दाखवली. मोठ्या कैरीएवढी होती. "पूर्ण निघाली," त्या म्हणाल्या. "नळी उद्या सकाळी काढू. मग कळेल." त्या 'मग कळेल'ला धरून मी पुढची वेळ काढली.

सकाळी नर्सने मला आत बोलावले. नळी नुकतीच काढली होती. पत्नी डोळे मिटून पडली होती. गळ्याला पट्टी, हाताला सलाईन. मी पलंगाशी गेलो आणि ऐकू लागलो. काहीच ऐकू येईना. बाईंचे ते वाक्य, आवाज बारीक होत जाण्याचे, मला आठवले. मग मी पाहिले, तिची छाती संथ वर-खाली होत होती. ओठ गुलाबी होते. गळ्याची खळगी स्थिर होती. मी वाकलो आणि कान तिच्या तोंडाजवळ नेला. हवा येत होती, हवा जात होती. माझ्या गालाला ती लागत होती. येताना आवाज नाही. जाताना आवाज नाही. आणि मग माझ्या ध्यानात आले की ती उताणी झोपली आहे. सपाट. डोक्याखाली एकच पातळ उशी.

बाई आल्या. "डोळे उघडा. आता 'ई' म्हणा," त्यांनी सांगितले. "आवाजाची नस बघायची आहे."

पत्नीने ओठ ओले केले. "ई," ती म्हणाली. बसकट, पण स्पष्ट.

"थोडं लांबवा."

तिने श्वास घेतला, कुणालाही ऐकू न येणारा, पोटभर श्वास, आणि म्हणाली, "ईईईई." तो सूर थरथरला, सावरला आणि सरळ रेषेत पुढे गेला. पलीकडच्या पलंगावरची म्हातारी उठून बसली. शिकाऊ डॉक्टरांपैकी एकाने टाळी वाजवली आणि लगेच हात मागे लपवले. बाई हसल्या. "पुरे, पुरे. नस शाबूत आहे. वाट मोकळी आहे. घरी न्या आता चार-पाच दिवसांनी."

मी बाहेर व्हरांड्यात आलो तो जवळजवळ पळतच. मला कुणाला तरी सांगायचे होते. समोरून एक गृहस्थ थर्मास घेऊन येत होते. मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "ऐकू येत नाही! काहीच ऐकू येत नाही!" मी हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते. त्यांनी कीव येऊन माझ्या खांद्यावर थोपटले आणि हातवारे करीत, एकेक शब्द तोडून, मोठ्याने सांगितले, "कानाचा... विभाग... खालच्या... मजल्यावर!" हे मी आत जाऊन पत्नीला सांगितले. हसू नकोस, टाके दुखतील, असे नर्स ओरडत होती, आणि पत्नी उशी पोटाशी धरून बिनआवाज हसत होती.

त्यानंतरही मी लूमवर बरीच वर्षे काम केले. कारखान्यात कुणी घरच्या कुणाला दम लागतो असा विषय काढला की मी हातातले काम ठेवून विचारी, आवाज आत घेताना की बाहेर सोडताना? लोक चेष्टा करीत. "जॉबरसाब डाक्टर बन गये," म्हणत. मला त्याचे काही वाटत नसे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासण्याची खोली बदलून रस्त्याच्या बाजूला घेतली, कारखान्याच्या भिंतीपासून दूर, आणि आता ते नवरा सोबत असला तर त्याला बाहेर बसवतात, असे पत्नीच म्हणाली. ते तिला फार आवडले.

मी क्षमा मिळालेला माणूस आहे का, हे मला ठाऊक नाही. तिने ती एका वाक्यात देऊन टाकली. मी ती अजून हप्त्याहप्त्याने घेतो आहे. घरात बसलो की मी तिला बोलू देतो. प्रश्न तिला विचारला असेल तर उत्तर तिनेच द्यावे, एवढे मी शिकलो. ते शिकायला मला चाळिशी यावी लागली.

ऑपरेशननंतर चार महिन्यांनी, थंडीत, तिची भावजय म्हणाली की वज्रेश्वरीला जाऊन येऊ. बसने गेलो. देवळाच्या दगडी पायऱ्या चांगल्या उभ्या आहेत. मेव्हणा, भावजय आणि मुलगी पुढे झाले. मागच्या वेळी आलो होतो तेव्हा पत्नी खालीच बसून राहिली होती आणि देवीला तिथूनच हात जोडले होते. ह्या वेळी ती पदर खोचून चढू लागली, आणि चढता-चढता बोलू लागली. कुणी जमीन गोडाऊनवाल्याला दिली, कुणाच्या सुनेने काय केले, मेव्हण्याने नवी गाडी घेताना तिला कसे विचारले नाही. मी तिच्या मागून एकेक पायरी चढत होतो आणि शब्दांऐवजी त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा ऐकत होतो. एकही जागा चिरकी नव्हती. अर्ध्यावर माझा मुरगळलेला जुना घोटा दुखू लागला. मी नारळाची पिशवी घेऊन कडेला बसलो. ती पुढे गेली, बोलतच गेली, आणि मी मागे राहिलो हे तिला वर पोचल्यावरच कळले.

तिने वरून हाक मारली. पायऱ्यांवरची सगळी माणसे वळून पाहू लागली.

"अवो, तुमी तितं काय नारलाची पिशवी धरून बसलाव, लवकर वर या, हितं कवरा वारा हाय, पार नदीपर्यंत सगला दिसतंय, आन् तुमचे कान लूमनं खाल्ले ते खाल्ले, पन पाय तरी ठेवलेत का न्हाय, का तेबी कारखान्यात इसरून आलाव?"

लोक हसले. ते सबंध वाक्य तिने एका श्वासात म्हटले होते. मी पिशवी उचलली आणि चढू लागलो.